रबरी हातमोजे आणि कुलूपबंद वही

अक्कलदाढ काढायची असली की दंतवैद्य जबड्याच्या मागच्या बाजूला एक इंजेक्शन देतात. काही मिनिटांत अर्धा खालचा जबडा आणि अर्धा ओठ बधिर होतो. त्वचेच्या क्लिनिकमध्ये ओठात फिलर भरण्याआधी किंवा चेहऱ्यावरचा जुना व्रण काढण्याआधीही असंच एखाद्या मज्जातंतूच्या मुळाशी बधिरतेचं इंजेक्शन दिलं जातं. व्रण काढून झाला की टाके अनेकदा त्वचेच्या आतल्या आत घातले जातात. त्यामुळे वरून रेल्वेच्या रुळांसारख्या खुणा उरत नाहीत. हे सगळं करणाऱ्या डॉक्टरांच्या हातात पातळ रबरी मोजे असतात.

बधिरतेचं इंजेक्शन, आतले टाके आणि हातमोजे, या तिन्ही गोष्टींच्या इतिहासात एकच नाव येतं, विल्यम स्ट्युअर्ट हाल्स्टेड. अमेरिकेतल्या आधुनिक शस्त्रक्रियेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. त्यांच्या आयुष्याला दुसरीही एक बाजू होती आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर जवळपास अर्धशतक झाकलेली राहिली. हा थोर सर्जन आधी कोकेनच्या आणि मग मॉर्फिनच्या आहारी गेला होता. व्यसनाकडे स्वभावाचा दोष म्हणून पाहायचं की आजार म्हणून, हा प्रश्न आजही घराघरांत वाद घडवतो. हाल्स्टेड यांचं आयुष्य त्यावर बरंच काही शिकवतं.

हाल्स्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडिलांची कापडाच्या आयातीची मोठी पेढी होती. घरी पैशाला तोटा नव्हता. येल विद्यापीठात असताना त्यांचं लक्ष अभ्यासापेक्षा खेळात जास्त होतं. ते फुटबॉल संघाचे कर्णधार होते, पण ग्रंथालयातून त्यांनी एकही पुस्तक नेल्याची नोंद सापडत नाही. शेवटच्या वर्षी मात्र त्यांनी शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयांची दोन पुस्तकं विकत घेतली आणि गाडी रुळावर आली. १८७७ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्समधून डॉक्टर होऊन बाहेर पडले. पुढे न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये काम करत असताना रुग्णाचा ताप, नाडी आणि श्वास एकाच तक्त्यावर नोंदवण्याची पद्धत त्यांनी तिथे सुरू केली. रुग्णाच्या खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला तो कागद आपण सर्वांनी पाहिलेला आहे.

१८७८ ते १८८० ही दोन वर्षं त्यांनी युरोपात काढली. व्हिएन्नाचे बिलरोथ, हालेचे फोल्कमान अशा त्या काळच्या बड्या शल्यविशारदांचं काम त्यांनी जवळून पाहिलं. जंतूंमुळे जखमा चिघळतात हे लिस्टर यांचं म्हणणं जर्मन रुग्णालयांनी मनापासून स्वीकारलं होतं. अमेरिकेत मात्र बरेच सर्जन अजून त्याला हसत होते. हाल्स्टेड परतले ते जंतुनाशक शस्त्रक्रियेचे कट्टर पुरस्कर्ते होऊनच. बेलव्ह्यू रुग्णालयात इतर सर्जनांना कार्बोलिक आम्लाचा वास सहन होईना, तेव्हा हाल्स्टेड यांनी सुमारे १०,००० डॉलर उभे करून रुग्णालयाच्या आवारात स्वतःचा शस्त्रक्रियेचा तंबू बांधून घेतला. त्याला गुळगुळीत लाकडी जमीन होती आणि गरम पाण्याची सोयही होती.

या काळातले हाल्स्टेड धाडसी आणि झपाट्यानं काम करणारे होते. १८८१ मध्ये त्यांच्या बहिणीला बाळंतपणानंतर प्रचंड रक्तस्राव झाला. ती जवळजवळ गेल्यातच जमा होती. हाल्स्टेड यांनी स्वतःच्या शरीरातलं रक्त काढून तिला दिलं आणि नंतर तिच्यावर शस्त्रक्रियाही केली. ती वाचली. रक्तगटांचा शोध लागायला अजून वीस वर्षं होती, म्हणजे नशिबानंही साथ दिली होती. पुढच्याच वर्षी आईच्या पित्ताशयात पू झाला. पहाटे दोन वाजता, घरातल्या स्वयंपाकाच्या टेबलावर त्यांनी आईचं पोट उघडून पू आणि सात खडे काढले. अमेरिकेत अशी शस्त्रक्रिया तोवर क्वचितच कुणी केली होती. दिवसा चार-पाच रुग्णालयांत काम, संध्याकाळी विद्यार्थ्यांच्या शिकवण्या, रात्री मित्रांच्या मैफली, असा त्यांचा दिनक्रम होता. तिशीतच ते न्यूयॉर्कमधले नावाजलेले सर्जन झाले होते.

सप्टेंबर १८८४ मध्ये हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेत एक प्रात्यक्षिक झालं. व्हिएन्नाचे तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी शोधून काढलं होतं की कोकेनच्या द्रावणाचे थेंब डोळ्यात टाकले की डोळा बधिर होतो आणि रुग्ण जागा असतानाही त्यावर शस्त्रक्रिया करता येते. तोपर्यंत वेदनेपासून सुटका हवी असेल तर ईथर किंवा क्लोरोफॉर्म देऊन माणसाला पूर्ण बेशुद्ध करावं लागे, आणि त्यात जिवाला धोका असे. कोलर यांच्या शोधाची बातमी काही आठवड्यांत न्यूयॉर्कला पोचली. ती वाचून हाल्स्टेड यांच्या डोक्यात वेगळीच कल्पना आली. कोकेन पृष्ठभागावर न टाकता मज्जातंतूच्या मुळाशी टोचलं, तर त्या तंतूच्या ताब्यातला सगळा भाग बधिर होईल का?

यामागचं विज्ञान आज आपल्याला ठाऊक आहे. वेदनेचा संदेश मज्जातंतूतून विजेच्या लहरीसारखा पुढे सरकतो. त्यासाठी तंतूच्या आवरणातल्या सूक्ष्म दारांतून सोडियमचे कण आत यावे लागतात. कोकेन ही दारं बंद करतं. संदेश वाटेतच थांबतो आणि मेंदूला काही कळत नाही. विजेच्या एकेका दिव्याशी झगडण्यापेक्षा खांबावरची तार तोडावी, तसं हे आहे. हाल्स्टेड आणि त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल, फ्रँक हार्टली यांनी हे प्रयोग सुरू केले ते स्वतःवर, एकमेकांवर आणि काही विद्यार्थ्यांवर. हिरडीमागच्या तंतूला सुई टोचून अर्धा जबडा बधिर करण्याची कृती त्यांनी १८८४ संपण्याआधीच जमवली. वर्षभरात हजाराहून अधिक लहानमोठ्या शस्त्रक्रिया त्यांनी या पद्धतीनं केल्या. दंतवैद्य आज रोज वापरतात ती युक्ती तीच.

पण कोकेनचा आणखी एक गुणधर्म आहे आणि तो त्या वेळी कुणालाच पुरता उमगला नव्हता. रक्तातून मेंदूत पोचलेलं कोकेन डोपामाइन हे रसायन पेशींमध्ये परत शोषलं जाऊ देत नाही. मग आनंदाची आणि उत्साहाची लाट येते, थकवा पळतो, झोप लागत नाही. साधारण तासाभरात ही लाट ओसरते आणि मागे राहते ती उदासी आणि पुन्हा हवंसं वाटणं. त्या काळी कोकेन औषधाच्या दुकानात मिळत होतं, त्याच्यावर कायद्याची बंदी नव्हती. नामांकित डॉक्टर त्याची शिफारस करत होते. पुन्हापुन्हा स्वतःला टोचून घेणारे हे तरुण डॉक्टर त्यात ओढले गेले. पुढे काही जण डॉक्टरकी सोडून गेले, काहींची आयुष्यं मोडली. रिचर्ड हॉल न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियात गेले आणि १८९७ मध्ये वारले.

हाल्स्टेड यांचं काय झालं याचा पुरावा त्यांच्याच लेखात आहे. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यूयॉर्क मेडिकल जर्नलमध्ये कोकेनच्या उपयोगावर त्यांचा लेख छापून आला. एरवी नेमकं लिहिणाऱ्या या माणसाच्या लेखातलं पहिलं वाक्य इतकं लांबलचक आणि भरकटलेलं आहे की त्याचा अर्थ लावता येत नाही. त्याच वर्षीचा आणखी एक प्रसंग त्यांचे चरित्रकार सांगतात. बेलव्ह्यूत पायाचं हाड मोडून बाहेर आलेला एक मजूर आणला होता. हाल्स्टेड यांना बोलावण्यात आलं. त्यांनी रुग्णाकडे पाहिलं, आपण शस्त्रक्रिया करण्याच्या स्थितीत नाही हे ओळखलं, आणि काही न बोलता ते मागे फिरून घरी निघून गेले. त्यानंतर कित्येक आठवडे ते कामावर आले नाहीत.

मित्रांनी त्यांना सोडलं नाही. विकृतिशास्त्रज्ञ विल्यम वेल्च यांनी १८८६ च्या सुरुवातीला त्यांना शिडाच्या जहाजानं कॅरिबियन बेटांच्या सफरीवर पाठवलं. समुद्रात कोकेन कुठून मिळणार, असा त्यामागचा साधा हिशेब होता. हाल्स्टेड यांनी बरोबर थोडा साठा घेतला होता. तो संपला तेव्हा तळमळ असह्य होऊन त्यांनी कप्तानाची औषधपेटी फोडली. परत आल्यावर ते ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावच्या बटलर हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. हे मनोरुग्णांचं रुग्णालय होतं. तिथे त्यांनी आपलं आडनाव लावलं नव्हतं असं सांगतात. सात महिन्यांनी ते बाहेर पडले.

कोकेनच्या तळमळीवर उतारा म्हणून त्या काळी मॉर्फिन दिलं जात असे. बहुतेक इतिहासकारांचं मत असं की हाल्स्टेड यांच्या बाबतीत कोकेनचा जोर ओसरला तो मॉर्फिनच्या सवयीच्या मोबदल्यात. यातला दैवदुर्विलास असा की त्याच दिवसांत व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड नेमकं उलटं करत होते. मॉर्फिनच्या आहारी गेलेले आपले मित्र अर्न्स्ट फॉन फ्लायश्ल यांना त्यांनी उपाय म्हणून कोकेन दिलं होतं. फ्लायश्ल दोन्हींच्या कचाट्यात सापडले आणि १८९१ मध्ये गेले. व्यसन म्हणजे नेमकं काय हे कळत नव्हतं, तोवर एक काटा काढायला दुसरा काटा रुतवण्यापलीकडे वैद्यकाच्या हाती काही नव्हतं.

न्यूयॉर्कची दारं बंद झाली होती. वेल्च यांनी हाल्स्टेड यांना बाल्टिमोरला बोलावून घेतलं, स्वतःच्या बिऱ्हाडात ठेवलं आणि आपल्या प्रयोगशाळेत काम दिलं. तिथे हाल्स्टेड यांनी कुत्र्यांच्या आतड्यांवर प्रयोग केले. आतड्याच्या भिंतीतला नेमका कोणता थर टाका धरून ठेवतो, हे त्यांनी दाखवून दिलं. १८८७ च्या वसंतात हार्वर्डमध्ये त्यांनी त्यावर व्याख्यान दिलं आणि त्यानंतर लगेच ते पुन्हा बटलर हॉस्पिटलमध्ये दाखल झाले, या वेळी जवळपास नऊ महिन्यांसाठी. आज व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. मधुमेह किंवा दम्यासारखंच व्यसनही उलटतं. उलटणं म्हणजे उपचार वाया गेले असं नव्हे.

१८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं. पहिल्या पसंतीच्या सर्जनशी बोलणी फिसकटल्यावर हाल्स्टेड यांना आधी तात्पुरतं पद देण्यात आलं. १८९० मध्ये ते शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले आणि १८९२ मध्ये प्राध्यापक. न्यूयॉर्कच्या हाल्स्टेडना ओळखणाऱ्यांना हा माणूस वेगळाच वाटला असता. मैफलींचा शौकीन आता एकलकोंडा झाला होता. घाईघाईनं काम उरकणारा सर्जन आता तासन्‌तास सावकाश काम करत होता. त्या काळी जलद हात म्हणजे उत्तम हात अशी समजूत होती. हाल्स्टेड यांनी ती मोडली. रक्तस्राव पूर्ण थांबवायचा, ऊतींना ओढाताण करायची नाही, चिमटे नाजूक वापरायचे, टाक्यांवर ताण येऊ द्यायचा नाही, जखमेत पोकळी ठेवायची नाही, ही त्यांची शिस्त होती. बारीक रक्तवाहिन्या पकडायचा त्यांच्या नावाचा लहान चिमटा आपल्याकडच्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरात मॉस्किटो या नावानं रोज मागितला जातो.

त्वचेखालून टाके घालण्याची त्यांची पद्धतही या शिस्तीतूनच आली. कारण सौंदर्याचं नव्हतं, जंतूंचं होतं. वेल्च यांनी दाखवलं होतं की त्वचा वरून कितीही धुतली तरी तिच्या खोल थरांत आणि केसांच्या मुळांशी जंतू राहतातच. सुई त्वचेच्या आरपार गेली की ते जंतू धाग्याबरोबर आत जातात आणि टाक्याशी पू होतो. म्हणून हाल्स्टेड त्वचेच्या खालच्या थरातूनच बारीक धागा ओवत नेऊ लागले. जखमा चिघळणं कमी झालं आणि व्रणही बारीक राहू लागले. आजचे प्लास्टिक सर्जन चेहऱ्यावर याच पद्धतीचे टाके घालतात.

हातमोज्यांची गोष्टही त्वचेपासूनच सुरू होते. हॉपकिन्सच्या शस्त्रक्रियागृहाच्या मुख्य परिचारिका होत्या कॅरोलिन हॅम्प्टन. दक्षिण कॅरोलिनाच्या एका मातब्बर घराण्यातल्या या बाईंनी घरच्यांचा विरोध असताना परिचर्येचं शिक्षण घेतलं होतं. हात निर्जंतुक करण्यासाठी त्या वेळी मर्क्युरिक क्लोराइडच्या, म्हणजे पाऱ्याच्या एका जहाल संयुगाच्या, पाण्यात ते बुडवावे लागत. कॅरोलिन यांच्या हातांना आणि बाह्यांना त्यानं इसब झालं. काम सोडण्याची वेळ आली. हाल्स्टेड यांनी १८८९-९० च्या हिवाळ्यात गुडइयर रबर कंपनीला विचारून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोज्यांचे जोड बनवून घेतले. जून १८९० मध्ये दोघांचं लग्न झालं. मोजे मात्र थिएटरातच राहिले. आधी हत्यारं हातात देणारे मदतनीस ते वापरू लागले, मग सर्जन. ते परिचारिकेच्या त्वचेसाठी आले होते. रुग्णालाही त्यांचा फायदा होतो हे नंतर कळलं. हाल्स्टेड यांचे शिष्य जोसेफ ब्लडगुड यांनी १८९९ मध्ये हर्नियाच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. मोज्यांशिवाय सुमारे १७ टक्के जखमा चिघळत होत्या, मोज्यांनंतर हे प्रमाण २ टक्क्यांच्या आत आलं.

त्यांचं सगळंच काम काळाच्या कसोटीवर उतरलं असं नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांनी सगळा स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकत्र काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. १८९४ मध्ये त्यांनी ५० रुग्णांचा अहवाल दिला. त्याच जागी गाठ परत येण्याचं प्रमाण तेव्हाच्या इतर सर्जनांपेक्षा त्यांच्याकडे पुष्कळ कमी होतं. पण या शस्त्रक्रियेनं छाती खोल जाई, हात सुजे, खांदा जखडे. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं लाखो स्त्रियांनी ते सोसलं. १९७० च्या दशकापासून झालेल्या चाचण्यांनी दाखवलं की इतकं काढून टाकल्यानं आयुष्य वाढत नाही. मोठ्या माणसाचं वजन एखाद्या पद्धतीमागे उभं राहिलं की ती तपासून पाहायला किती उशीर होतो, याचं हे उदाहरण आहे.

सर्जन घडवण्याची रीतही त्यांनी घालून दिली. रुग्णालयातच राहून, वर्षानुवर्षं वाढत जाणारी जबाबदारी घेत शिकायचं, ही आजची निवासी डॉक्टरांची पद्धत तीच. हार्वी कुशिंग, वॉल्टर डँडी, ह्यू यंग यांच्यासारखे नामवंत त्यांच्या हाताखाली तयार झाले.

या सगळ्या वर्षांत हाल्स्टेड कोकेनवर विजय मिळवून पूर्ण बरे झाले, असंच बाहेर मानलं जात होतं. शिष्यांना काही गोष्टी चमत्कारिक वाटत. शस्त्रक्रिया चालू असताना मध्येच ते डोकेदुखीचं कारण सांगून निघून जात. उन्हाळ्यात महिनोन्‌महिने गायब होत. युरोपात गेले तर एखाद्या हॉटेलच्या खोलीत दिवसेंदिवस एकटेच असत. पण उघडपणे कुणी बोललं नाही.

जाणणारा एक माणूस होता. हॉपकिन्सचे वैद्यक विभागप्रमुख विल्यम ऑस्लर यांनी रुग्णालयाची आतली हकिकत एका छोट्या, कुलूप असलेल्या वहीत लिहून ठेवली होती. ती प्रसिद्ध झाली १९६९ मध्ये, ऑस्लर जाऊन ५० वर्षं आणि हाल्स्टेड जाऊन ४७ वर्षं झाल्यावर. हाल्स्टेड यांना प्रमुखपद मिळाल्यावर काही महिन्यांतच ऑस्लर यांनी त्यांना हुडहुडी भरून थरथरताना पाहिलं होतं आणि ते अजून मॉर्फिन घेतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पुढे हाल्स्टेड यांनी त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. कितीही प्रयत्न केला तरी दिवसाला तीन ग्रेनच्या, म्हणजे सुमारे २०० मिलिग्रॅमच्या खाली त्यांना मॉर्फिन आणता येत नव्हतं. १८९८ पर्यंत ते प्रमाण दीड ग्रेनवर आलं होतं. ऑस्लर यांनी ही गोष्ट जन्मभर पोटात ठेवली.

हाल्स्टेड दाम्पत्याला मूल नव्हतं. बाल्टिमोरच्या मोठ्या घरात दोघं वेगवेगळ्या मजल्यांवर राहत. उन्हाळ्यात उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरांतल्या हाय हॅम्प्टन या आपल्या जागी जात आणि तिथे हाल्स्टेड डेलियाची फुलं लावत. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं मज्जातंतू बधिर करण्याच्या शोधाबद्दल त्यांना सुवर्णपदक दिलं. ज्या प्रयोगांनी त्यांचं आयुष्य उलटंपालटं केलं होतं, त्यांचाच हा उशिरा झालेला गौरव होता. त्याच वर्षी पित्तनलिकेतल्या खड्यांचा त्रास पुन्हा उफाळला. त्यांच्याच शिष्यांनी शस्त्रक्रिया केली. ७ सप्टेंबर १९२२ रोजी, वयाची ७० वर्षं पूर्ण व्हायला पंधरवडा राहिला असताना, हॉपकिन्समध्येच त्यांचं निधन झालं. नोव्हेंबरमध्ये कॅरोलिनही गेल्या.

मॉर्फिन घेऊनही माणूस एवढं काम करू शकतो, मग ते वाईट कसं, असा प्रश्न ही गोष्ट वाचून कुणी विचारील. त्याचं उत्तर नीट समजून घेतलं पाहिजे. मॉर्फिन, हेरॉइन, ब्राउन शुगर म्हणजे आपल्याकडचं गर्द, ही सारी अफूच्या कुळातली द्रव्यं मेंदूतल्या एकाच प्रकारच्या ग्राहींवर बसतात. सतत वापर झाला की मेंदू स्वतःची घडी त्याप्रमाणे बदलतो. मग तोच परिणाम मिळायला मात्रा वाढवावी लागते आणि द्रव्य मिळालं नाही की हुडहुडी, अंगदुखी, जुलाब, तळमळ सुरू होते. मॉर्फिनचा अंमल चार-सहा तासांत उतरतो, म्हणजे माणूस दिवसातून अनेकदा चढ-उतारात सापडतो. हाल्स्टेड मध्येच निघून जात, त्याचं कारण बहुधा हेच असावं. त्यांच्याकडे शुद्ध औषध होतं, पैसा होता, मान होता आणि गप्प राहणारे मित्र होते. तरीही त्याची किंमत त्यांनी एकाकीपणानं आणि जन्मभराच्या लपवाछपवीनं मोजली. बेलव्ह्यूत ज्याच्याकडे पाठ फिरवून ते गेले, त्या मजुराला हेच व्यसन असतं तर त्याच्यासाठी कुणी जहाज पाठवलं नसतं.

आजचे उपचार याच जैविक घडीचा विचार करून केलेले आहेत. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्येच डोल आणि नायस्वाँडर या डॉक्टरांनी मेथाडोन वापरायला सुरुवात केली. ते त्याच ग्राहींवर बसतं, पण त्याचा परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे चढ-उतार राहत नाहीत. ब्युप्रिनॉर्फिन हे आणखी सुरक्षित औषध जिभेखाली विरघळवायचं असतं. ते ग्राहीला घट्ट धरून ठेवतं पण तिला अर्धवटच चालना देतं. त्यामुळे तळमळ थांबते, नशा मात्र फारशी चढत नाही आणि श्वास मंदावण्यालाही मर्यादा पडते. अशा उपचारावर टिकून राहिलेल्यांत मृत्यूचं प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं, असं अनेक देशांतला अनुभव सांगतो. हे एका व्यसनाच्या जागी दुसरं व्यसन नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत, समुपदेशनासह दिलेलं औषध आणि चोरून टोचून घेतलेलं मॉर्फिन यांत फरक आहे. हाल्स्टेड यांना हेच मिळालं नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईत गर्द पसरलं तेव्हा डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या मदतीनं १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. हाल्स्टेड बटलरमध्ये पहिल्यांदा दाखल झाले त्याला तेव्हा बरोबर १०० वर्षं झाली होती. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक अफूच्या कुळातली द्रव्यं वापरतात आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना उपचारांची गरज आहे.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. काही दिवसांत व्यसन कायमचं सोडवून देण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा. शरीर आठवडाभरात स्वच्छ होतं, पण मेंदूची घडी बसायला महिने, कधी वर्षं लागतात. काही दिवस बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती घटते. त्यानंतर पूर्वीच्याच मात्रेत घेतलेला एक डोसही श्वास थांबवू शकतो. घरातल्या माणसाला कोंडून घालणं, मारहाण करणं यानं काहीही साधत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा केंद्र सरकारच्या १४४४६ या मोफत व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर फोन करा. डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामकांच्या गोळ्याही ठरलेल्या दिवसांपलीकडे मनानं चालू ठेवू नका.

त्वचेच्या क्लिनिकमध्ये जाणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. तिथे वापरली जाणारी लिडोकेनसारखी औषधं कोकेनच्या वाटेनंच आली असली तरी त्यांचं व्यसन लागत नाही. पण ती निरुपद्रवीही नाहीत. बधिरतेचं क्रीम घरी बसून मोठ्या भागावर जाड थर देऊन लावलं, वरून प्लास्टिक गुंडाळलं, तर औषध रक्तात जास्त प्रमाणात उतरून झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. ते किती, कुठे आणि किती वेळ लावायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. उपचार करणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर आहे ना, एवढं विचारायला संकोचू नका.

हाल्स्टेड यांच्याभोवती त्यांच्या काळातली उत्तम डॉक्टर मंडळी होती. त्यांनी त्यांना जागा दिली, काम दिलं, सांभाळून घेतलं. म्हणूनच जगाला हातमोजे, बधिर करण्याची युक्ती आणि इतके शिष्य मिळाले. त्यांच्या हाती द्यायला नेमका उपचार मात्र नव्हता, म्हणून उरलं ते मौन. आज उपचार आहे. आपल्या घरात, शेजारात किंवा कामाच्या ठिकाणी कुणी असा असेल, तर त्याला सांभाळून घ्यायचं आणि दवाखान्यापर्यंत सोबतही करायची, ही दोन्ही कामं आता आपल्याला करता येतात.